मदत हवी आहे: मातीवरच्या कार्टला मागचा ॲक्सल कशाचा घालू?

नमस्कार मंडळी. जालन्याजवळ आमच्या पडीक तुकड्यावर मुरूम टाकून, रोलर फिरवून आम्ही भावाभावांनी ट्रॅक केला आहे. कार्ट (गो-कार्ट, छोटी शर्यतीची गाडी) घरीच बांधलेली. इंजिन मोटरसायकलचं, १५० सीसी. मागे डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरपेटी) नाही, एकच सलग ॲक्सल: ईएन ८ पोलादाचा, ३० मिमी भरीव, तीन बेअरिंगांवर.

सकाळी टँकरनं पाणी मारलं की मुरूम घट्ट धरतो आणि कार्ट वळतच नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी पुढची चाकं सरळ ढकलली जातात. दुपारी वरचा थर सुटून पीठ झालं की उलटं, मागचा भाग निसटतो. जास्त छळतो तो सकाळचा प्रकार.

गेल्या रविवारी बांधाला धडकून ॲक्सल वाकला, म्हणजे नवा करायचाच आहे. लेथवाले मामा म्हणतात, ईएन १९ (जास्त मजबूत पोलाद) घे, कडक करून देतो, मग लवणार नाही. धाकट्याला ॲल्युमिनियम हवंय, हलकं म्हणून. ॲक्सल कमी-जास्त लवल्यानं वळणात नेमकं काय बदलतं? पैसे एकदाच घालता येतील हो, म्हणून विचारतोय.

उत्तर:
भाऊ, मामांचं अर्धं बरोबर आहे. ईएन १९ कडक केला तर धडकेनंतर सहजासहजी वाकडा राहणार नाही, बहुतेक वेळा परत सरळ होईल. पण चालताना तो ईएन ८ इतकाच लवेल. पोलाद कुठलंही घ्या, ताठपणा जवळपास सारखाच. ॲल्युमिनियमचा त्याच्या एक तृतीयांश.

खरा फरक व्यासानं पडतो. ४० मिमीची, ३ मिमी जाडीची पोलादी नळी तुमच्या भरीव ॲक्सलच्या दीडपट ताठ आणि वजनाला निम्मी: मीटरला साडेपाच किलोऐवजी पावणेतीन. धाकट्याचंही समाधान होईल.

सकाळी कार्ट ढकलते, कारण दोन्ही मागची चाकं एकाच वेगानं फिरतात आणि आतल्या चाकाला अंतर कमी कापायचं असतं. म्हणून वळणात आतलं मागचं चाक जरा उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंगच्या कॅस्टरमुळे (पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचा मागे कललेला कोन) ते उचललं जातं, पण ॲक्सल लवचिक असला तर ती उचल त्यातच मुरते. म्हणून ताठ घ्या. दुपारी मागची पकड कमी वाटली तर मधलं बेअरिंग सोडवून बघा, तोच ॲक्सल मऊ वागेल. पण ॲक्सलवर पैसे घालण्याआधी, सकाळच्या ढकलण्यासाठी पुढच्या चाकांमधलं अंतर थोडं वाढवून पाहा, फुकटात होतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार दादा. मीही कडकपणा आणि ताठपणा एकच समजत होतो. पुढचं अंतर उद्या सकाळीच वाढवतो. नळी घेतली तर चाकांचे हब, स्प्रॉकेट आणि ब्रेक डिस्कचे कॅरियर (ते ॲक्सलवर बसवणारे भाग), तिन्ही बेअरिंग, सगळं ४० मिमीचं लागेल, तो हिशोब मांडतो. एक शंका राहिली: ३ मिमीच्या भिंतीत कीवे (हब घसरू नये म्हणून चावी बसवायची खाच) किती खोल चालेल? कापल्या जागी नळी तडकेल याची भीती वाटते.