मदत हवी आहे: टाकीतले मासे एकेक करून खंगत चाललेत, माशांचा टीबी असेल का?

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत राहते. घरी दोन फुटी टाकी आहे, साधारण ६० लिटरची, गेली तीन वर्षं चालू. आत गप्पी, चार काळ्या मोली, आठ निऑन टेट्रा आणि एक गुरामी होता. ‘होता’ म्हणतेय, कारण तो गेल्या आठवड्यात गेला.

जूनमध्ये सहा नवे गप्पी आणले. दुकानातली पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मासे सरळ टाकीत सोडले. नवे मासे महिनाभर वेगळे ठेवायचे असतात हे मला माहीत होतं, पण घरात जागा नाही म्हणून टाळलं. ते फार मनाला लागून राहिलंय.

ऑगस्टपासून दर दहा-पंधरा दिवसांनी एक मासा जातोय. इतक्या सावकाश, की आधी वाटलं वय झालं असेल. मासा कळपातून बाजूला होतो, मग पोट आत जातं. खाणं सुटत नाही, पण अंग धरत नाही. वरून पाहिलं तर डोकं मोठं आणि मागचं शरीर सुरीच्या पात्यासारखं. दोन गप्पींची पाठ वाकली, आणि ते जन्मापासून वाकडे नव्हते, मी त्यांना सरळ पोहताना पाहिलंय. एका मोलीच्या कुशीवर खवले गळून तांबडी जखम झाली, ती भरलीच नाही. गुरामी शेवटचे आठ दिवस फिल्टरमागे तोंड खुपसून होता.

रव्याच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके कुणाच्याच अंगावर नाहीत. तो रोग दोन वर्षांपूर्वी येऊन गेलाय, तेव्हा तीन-चार दिवसांत सगळी टाकी आजारी पडली होती. हे तसं नाही. पाणी दर रविवारी पाव भाग बदलते, नळाच्या पाण्यात अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) घालते. थेंबांच्या किटने अमोनिया आणि नायट्राइट, माशांना घातक ते दोन्ही शून्य येतं. तापमान २७ अंश.

उपाय म्हणून आधी खडे मीठ घातलं, मग मेथिलीन ब्लू, मग दुकानदाराने दिलेली पिवळी पावडर पाच दिवस. कशाचाच उपयोग झाला नाही.

शोधताना माशांच्या टीबीबद्दल वाचलं आणि माझी झोप उडाली. तो माणसाच्या हातालाही होतो म्हणे. पाणी काढताना मी नळी तोंडाने ओढून सुरू करते, वर्षानुवर्षं तेच. सासूबाई संधिवातासाठी प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या घेतात, आणि माशांना रोज खाऊ घालतात त्याच. गुरामी त्यांच्या बोटाला येऊन टोचायचा, त्याचं त्यांना फार कौतुक होतं.

आणखी एक गोष्ट आहे. जुलैत गप्पींची पिल्लं झाली तेव्हा मी ती वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला दहा-बारा दिली, आणि डासांसाठी म्हणून सोसायटीच्या जुन्या हौदात तीसेक सोडली. आता त्यांना काय सांगू?

हे टीबीच आहे हे नक्की कसं कळेल? टाकी मोडावीच लागेल का? अजून अकरा मासे आहेत, त्यातले सात तरी ठणठणीत दिसतात. आणि मोडली, तर काच ब्लीचने धुऊन परत वापरता येईल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, सगळ्यात आधी नळी तोंडाने ओढणं आजपासून बंद. रबरी फुगा असलेला सायफन मिळतो, तो घ्या. सासूबाईंनी पाण्यात बोट घालायचं नाही. खाऊ चमच्याने घालू देत, तेवढा आनंद त्यांच्याकडून काढून घेऊ नका. तुम्ही कोपरापर्यंतचे हातमोजे घाला. हाताला चीर असेल तर मोजे असले तरी त्या दिवशी टाकीला हात नको.

तुम्ही वर्णन केलंय ते टीबीशी जुळतं. पाठ वाकणं एकट्या गप्पींत असतं तर मी जवळच्या नात्यातल्या पैदाशीला दोष दिला असता. पण गप्पी, मोली, गुरामी सगळेच खाऊनपिऊन खंगतायत आणि जखम भरत नाहीये, म्हणजे संसर्ग धरूनच चालावं. तरी एक पाहा: गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखं काही लोंबतंय का? तसं असेल तर ते कमॅलॅनस जंत. त्यानेही मासे असेच वाळतात आणि त्याला लेव्हामिसोल या जंतनाशकाचा गुण येतो.

टीबीचा जंतू मायकोबॅक्टेरियम मरिनम. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांतून तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला. माणसाच्या टीबीच्या जंतूचा हा भाऊबंद, पण खोकल्यातून पसरणारा नव्हे आणि माणसाकडून माणसाला होणारा नव्हे. तो ३० अंशांच्या आसपास जोमाने वाढतो, ३७ ला त्याला जमत नाही, म्हणून माणसात बहुधा हात आणि कोपर अशा थंड भागांतल्या कातडीवरच राहतो. पाण्यात हात घातल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, न दुखणारी गाठ किंवा न भरणारा फोड येतो. तसं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि घरात माशांची टाकी आहे हे आपणहून सांगा. ते सांगितलं नाही तर प्रयोगशाळेत नमुना नेहमीच्या ३७ अंशांना वाढवतात आणि जंतू हाती लागत नाही. उपचार आहेत, फक्त काही महिने चालतात. सासूबाईंच्या डॉक्टरांच्या कानावर मात्र आत्ताच घाला.

नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. पोट उघडल्यावर प्लीहा, मूत्रपिंड, यकृतावर करड्या-पांढऱ्या गाठी दिसतात, आणि त्यातला अंश झील-नील्सन पद्धतीने रंगवला की जंतू लाल दिसतात. माणसाची थुंकी तपासतात तीच पद्धत. तुम्हाला जवळचं ठिकाण म्हणजे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथेही मत्स्य महाविद्यालयं आहेत. खासगी नमुना घेतात का ते आधी फोन करून विचारा. मेलेला मासा काही तासांत कुजतो, त्यामुळे आजारी पण जिवंत मासा न्यावा. तो वाटेत गेलाच तर बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये घालू नका.

माशांसाठी खात्रीचं औषध नाही. पिवळ्या पावडरी बंद करा.

टाकी मोडायची घाई करू नका. माझ्याकडे हेच झालं तेव्हा मी टाकी ‘बंद’ केली: नवा मासा आत नाही, मासा किंवा वनस्पती बाहेर नाही, जाळी-बादली वेगळी, मेलेला मासा लगेच बाहेर, कारण बाकीचे तो कुरतडतात आणि रोग तिथूनच जास्त पसरतो. उरलेले मासे दीड वर्ष जगले. जो अगदी कण्हतोय त्याला लवंगेच्या तेलाने सोडवा, म्हणजे शांतपणे मरण द्या. तेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून वेगळ्या भांड्यात आधी थोडं घाला, मासा आडवा होऊन निपचित पडला की मग जास्त.

शेवटी रिकामी कराल तेव्हा वाळू, स्पंज, झाडं टाकून द्या. या जंतूला मेणासारखं आवरण असतं, घरगुती ब्लीचला तो दाद देत नाही. काच ७०% अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, पुन्हा पुसा. तेव्हा घरात ज्योत नको, खिडक्या उघड्या हव्यात. पाणी शौचालयात ओता, नाल्यात किंवा झाडांना नको.

मूळ धागालेखिका:

खूप खूप आभार. काल रात्री टॉर्च लावून एकेक मासा पाहिला, लाल दोरा कुणालाच नाही. सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, चमचा मात्र स्वतःच शोधून आणला. संधिवाताच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतलीय.

तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले. त्या मुलाकडे पाच पिल्लं उरलीत, त्यातलं एक वाकलेलं. त्याच्या आईला सगळं सांगितलं, हातमोज्यांची एक जोडी देऊन आले. मुलगा मासे परत द्यायला तयार नाही आणि मीही मागितले नाहीत.

प्रश्न उरला तो हौदाचा. उन्हाळ्यात पोरं त्यात उतरतात. सेक्रेटरींना आज लेखी कळवतेय आणि तोवर हौदावर जाळी टाकायला सांगतेय. पण हौदातले मासे काढून तो सुकवला तर पुरे होईल का, की सिमेंटच्या भेगांत जंतू राहील? इतक्या मोठ्या जागेला अल्कोहोल कसं पुरवायचं? हौद कुणी असा साफ केला असेल तर जरूर सांगा.