वासोट्याला स्वतःच्या कयाकने का जाऊ देत नाहीत?

डोंगरवेडा: शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी सरकारी, जंगलही सरकारी. मग त्या पाण्यात माझी कयाक (वल्ह्याची छोटी होडी) उतरवली तर बिघडलं कुठे? वासोटा किल्ल्यावर जायचं तर काठच्या बामणोलीत वनखात्याचा परवाना काढा आणि बोट क्लबची अख्खी बोट ठरवा. दहा जणांना परवडतं, दोघांनी काय करायचं? तिकडे ह्याच जलाशयावर मुनावळ्याला २०२४ पासून जलक्रीडा जोरात. वल्ह्याचा तर आवाजही नाही. सिमेंटचा एक उतार बांधा, फी घ्या, विषय संपला.

काठावरचा: दादा, उतार कुठल्या पाण्याला बांधणार? धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून २१६३ फुटांवर. मे महिन्यात तेच इतकं खाली जातं की चिखलात फळी टाकून माणसं चढवावी लागतात. दिवाळीला बांधलेला धक्का शिमग्याला कोरडा. आणि क्लबचं म्हणाल तर आमच्या आज्याची भातखाचरं ह्याच पाण्याखाली गेली. उरलेलं रान अभयारण्यात. आता क्लबमध्ये आमच्या बोटीची पाळी येते तेव्हा घरात पैसा दिसतो, तोही सोडू?

डोंगरवेडा: फळीचं पटलं. सिमेंट रद्द. कयाकची फी क्लबलाच द्या की मग.

रानपिंगळा: फीचा प्रश्नच नाही हो. कोयना अभयारण्य १९८५ चं, २०१० पासून व्याघ्र प्रकल्पात. बोटीने किती गेले, किती परतले हे चौकीवर कळतं. मुक्कामाला बंदी, म्हणून संध्याकाळी बोट माघारी. कयाकवाला मात्र कुठल्याही ओढ्याच्या तोंडाशी शिरेल, तंबू ठोकेल, चूल पेटवेल. (तुम्ही नाही करणार, माहीत आहे. तुमच्या मागून येणारे करतील.) त्या बाजूला कुंपण नाही, पाणी हेच कुंपण. मुनावळ्याचं मलाही पटलेलं नाही, पण तिथे चूक झाली म्हणून इथेही करायची?

साताऱ्याची सून: मे २०२४ मध्ये उजनी धरणात कुगाव-कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ती तर रोजची प्रवासी बोट होती. इथे कयाक उलटली तर शोधायला हेच बोटवाले जाणार ना? त्यापेक्षा माणशी तिकीट लावा. आम्ही दोघी गेलो तेव्हा दुसरा ग्रुप मिळेपर्यंत धक्क्यावर ताटकळलो होतो.

डोंगरवेडा: माणशी तिकीट असेल तर कयाक घरीच ठेवतो.

काठावरचा: शनिवार-रविवारी बोट भरेल ताई. मंगळवारी दोघांसाठी बोट सोडली तर डिझेल कोण घालणार?