सर्वाधिक तेलसाठ्याच्या देशाला पेट्रोल आयात का करावे लागले?

वाचनवेडा (प्रश्न)

जगातील सर्वांत मोठा सिद्ध तेलसाठा सौदी अरेबियाकडे नसून व्हेनेझुएलाकडे आहे. तो सुमारे ३०० अब्ज पिंपांचा मानला जातो. तरीही मे २०२० मध्ये इराणने पाठवलेली पेट्रोलची पाच जहाजे व्हेनेझुएलाला पोहोचली, तेव्हा त्यांना सोबत करायला तिथले नौदल समुद्रात उतरले होते. दुसरीकडे, जेमतेम ५५ लाख वस्तीच्या नॉर्वेचा तेलनिधी आज जगभरच्या शेअर बाजारांतील कंपन्यांच्या एकूण भागभांडवलापैकी सुमारे दीड टक्क्याचा मालक आहे. ‘भ्रष्टाचार’ या एका शब्दाने हा फरक उलगडतो, असे मला वाटत नाही. जाणकारांनी नेमके कारण सांगावे, ही विनंती.

जुना_रिफायनरीवाला

‘सिद्ध साठा’ या शब्दाने फसगत होते. जमिनीखाली एकूण किती तेल आहे ते हा आकडा सांगत नाही. चालू भावात आणि हाताशी असलेल्या तंत्राने किती तेल काढणे परवडेल, ते सांगतो. २००० नंतरच्या दशकात भाव चढले, ओरिनोको खोऱ्यातील अतिजड तेलही हिशेबात धरले जाऊ लागले आणि व्हेनेझुएलाचा आकडा कागदावर कित्येक पटींनी फुगला. मी ज्या प्रयोगशाळेत काम केले तिथे अशा तेलाच्या नमुन्याची बाटली उलटी धरली, तर ते थंडीतल्या काकवीसारखे रेंगाळत तोंडाशी येई. नॅफ्थासारखे काही पातळ मिसळल्याशिवाय ते पाइपलाइनमधून पुढे सरकत नाही, आणि ते पातळ करण्याचे द्रव्यही व्हेनेझुएलाला बाहेरून आणावे लागले आहे.

असले तेल हाताळायला जाणती माणसे लागतात. २००२-०३ च्या संपानंतर तिथल्या सरकारी तेल कंपनीतून सुमारे १८ हजार कर्मचारी काढले गेले आणि त्यांच्याबरोबर अनेक वर्षांचा अनुभवही गेला. १९९० च्या दशकाअखेरीस दिवसाला ३० लाख पिंपांच्या वर असलेले उत्पादन २०२० मध्ये दहा लाखांच्या बरेच खाली आले. अमेरिकेच्या निर्बंधांनी कंबरडे मोडले हे खरे, परंतु घसरण त्याआधीच सुरू झाली होती.

वाचनवेडा

आभारी आहे. मग नॉर्वेसारखा निधी काढणे व्हेनेझुएलाला सुचलेच नाही का?

स्टाव्हांगरकर

सुचले होते. १९९८ साली त्यांनी स्थिरीकरण निधी स्थापलाही. मात्र पैसे केव्हा भरायचे आणि केव्हा काढायचे याचे नियम पुढच्याच वर्षापासून बदलू लागले. नुसता निधी असून भागत नाही, त्याला हात लावणे अवघड असावे लागते.

मी बारा वर्षे नॉर्वेच्या तेलनगरीत राहतो आणि पंपावर पुण्यापेक्षा महाग पेट्रोल भरतो. पाहुण्यांना हे सांगितले की त्यांना थट्टा वाटते. इथे तेल सापडले ते १९६९ च्या अखेरीस. त्याच्या आदल्या वर्षी फारूक अल-कासिम हे इराकी भूवैज्ञानिक मुलाच्या उपचारांसाठी आपल्या नॉर्वेजियन पत्नीसह इथे आले होते. नोकरीच्या शोधात ते उद्योग मंत्रालयात गेले आणि मंत्रालयाने त्यांनाच उत्तर समुद्रातील विहिरींचे अहवाल तपासायला बसवले. परदेशी कंपन्यांचा कारभार त्यांनी इराकमध्ये आतून पाहिला होता, त्यामुळे १९७२ साली सरकारी कंपनी आणि तिच्यावर देखरेख करणारे वेगळे संचालनालय अशी जी विभागणी झाली, तिच्या आखणीत त्यांचा वाटा मोठा होता.

निधीचा कायदा मात्र १९९० चा आणि पहिला भरणा १९९६ चा, म्हणजे नॉर्वेलाही शहाणपण सावकाशच आले. हा पैसा फक्त देशाबाहेर गुंतवतात, कारण त्यांच्यासमोर नेदरलँड्सचे उदाहरण होते. तिथे १९५९ साली ग्रोनिंगेन येथे प्रचंड वायूसाठा सापडला, निर्यातीच्या पैशाने चलन वधारले आणि बाकीच्या कारखान्यांचा माल परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. १९७७ साली एका ब्रिटिश साप्ताहिकाने या दुखण्याला ‘डच रोग’ असे नाव दिले, ते आजही रूढ आहे.

खाडीपलीकडचा

वरील माहिती उत्तम आहे, परंतु नॉर्वेचे उदाहरण मला थोडे सोयीचे वाटते. तेलाच्या आधीच तिथे संसद, जहाजवाहतूक आणि जलविद्युत यांची घडी बसलेली होती. कुवेतकडे काय होते? मोती. तिथले व्यापारी मोती विकायला मुंबईला येत, आणि १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे. जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा बुडवला, १९३८ साली बुरगानला तेल लागले आणि १९४६ साली पहिली निर्यात झाली. स्वातंत्र्याला आठ वर्षे असतानाच, १९५३ साली, या चिमुकल्या देशाने लंडनमध्ये गुंतवणूक मंडळ स्थापले. नॉर्वेच्या कायद्याच्या तब्बल ३७ वर्षे आधी. १९९० मध्ये इराकने देश गिळला तेव्हा तेलाचे उत्पन्न शून्यावर आले होते, आणि परागंदा सरकारचा खर्च या परदेशी गुंतवणुकीतून भागला.

तरीही माझ्या कुवेती सहकाऱ्यांच्या घरी पाहावे तर बहुतेक सगळे सरकारी नोकरीत. प्रश्नकर्त्यांनी उल्लेखिलेल्या २०२० सालीच तिथल्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले की, ऑक्टोबरनंतर पगार देण्याइतकी रोकड तिजोरीत नाही. भावी पिढ्यांसाठीचा निधी तेव्हा शेकडो अब्ज डॉलरचा होता, पण त्यातून सहज पैसे काढण्याची सोय कायद्यात नव्हती आणि कर्ज काढायला संसद तयार नव्हती.