कासच्या पठारावर ढगाळ संध्याकाळी काढलेला फोटो: आकाश पांढरं, जमीन काळी. एडिटिंग कसं करावं?

पठारवाट
सप्टेंबर, कास. कॅमेरा बामणोलीच्या दिशेला, सूर्य ढगाच्या मागं, समोर तेरडा, सोनकी आणि गेंद ही फुलं. क्रॉप सेन्सरचा २४ मेगापिक्सेल कॅमेरा, १८ मिमी, एफ ८, १/१२५ सेकंद, आयएसओ ४००. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्यानं तयार करून दाबलेली) दोन्ही आहेत. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट्स (उजळ भाग) -१००, शॅडोज (काळे भाग) +८० केलं तर तीन गोष्टी बिघडतात: जमिनीत रंगीत दाणे येतात, डोंगराच्या कडेला उजळ पट्टा उमटतो, आणि गुलाबी तेरडा निळसर जांभळा दिसतो. स्लायडर आणखी ओढून काही होईल असं वाटत नाही. सुरुवात कुठून करावी?

सह्यकडा
आधी सगळे स्लायडर शून्यावर आणा. जेपेग बाजूला ठेवा. त्यात एका रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. अंधारातून जमीन वर काढायची तर रॉच लागणार.

मग आकाशात माल शिल्लक आहे का ते बघा. लाइटरूमच्या डेव्हलप भागात कीबोर्डवरचं 'J' बटण दाबलं की उडालेला (पूर्ण पांढरा पडलेला) भाग लाल दिसतो. एक्स्पोजर -१.५ पर्यंत खाली नेऊन बघा. ढगाची घडी दिसायला लागली तर माहिती आहे. पांढऱ्याचा नुसता राखाडी पत्रा झाला तर तिन्ही चॅनल (लाल, हिरवा, निळा) भरलेत, तिथं काही परत येणार नाही. एखादा चॅनल वाचला असेल तर सॉफ्टवेअर त्यावरून ढगाचा आकार बऱ्यापैकी जुळवतं, रंग मात्र अंदाजाचा असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लुकलुकणारा इशारा जेपेगवरून ठरतो, त्यामुळं रॉमध्ये बहुतेक वेळा थोडं जास्त शिल्लक निघतं.

उजळ पट्ट्याचं कारण असं. शॅडोज आणि हायलाइट्स हे स्लायडर एकेक पिक्सेल सुटा बघत नाहीत, आजूबाजूचा उजेडही मोजतात. डोंगराच्या कडेला एका बाजूला लख्ख आकाश, दुसऱ्या बाजूला काळी जमीन. हिशेब तिथंच फसतो, आणि दोन्ही स्लायडर टोकाला नेले की ते दिसतं. क्लॅरिटी वाढवली तर आणखीच.

म्हणून पूर्ण फोटोवर हायलाइट्स -३५, शॅडोज +१५ एवढंच ठेवा. बाकीचं काम मास्कवर, म्हणजे फोटोचा ठराविक भागच निवडून:

१. लिनिअर ग्रेडियंट वरून खाली, डोंगराच्या थोडा खालपर्यंत, भरपूर रुंद. त्याला ल्युमिनन्स (उजेडाच्या) रेंजनं इंटरसेक्ट करा म्हणजे फक्त उजळ भाग धरला जाईल. रेंजचं टोक हळूहळू उतरतं ठेवा. एक्स्पोजर -०.७, हायलाइट्स -३०.
२. तोच मास्क डुप्लिकेट करून उलटा करा. जमिनीला एक्स्पोजर +०.८, शॅडोज +१५, ब्लॅक्स -१०. हे ब्लॅक्स विसरू नका. उचललेली जमीन राखाडी, धुतल्यासारखी दिसते ती काळ्याचा तळ सुटल्यामुळं.

सिलेक्ट स्काय (आकाश आपोआप निवडणारा मास्क) पटकन होतं, पण गवताच्या पात्यांमधलं आकाश बऱ्याचदा सुटतं. ते मोठं करून तपासा.

आणि जमीन आकाशाएवढी उजळ करू नका. ढगाळ संध्याकाळी ती काळसरच असते, फोटोतही तशीच शोभते.

सोनकी_आणि_गेंद
रंगाचं बघू. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा करतो तो हिशेब) अशा उजेडात बहुतेक थंड, म्हणजे निळसर जातो. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या फोटोत आहेत, त्याच कामाला लावा. १०० टक्के झूम करून जवळची, न उडालेली गुंडी निवडा आणि व्हाइट बॅलन्सचा आयड्रॉपर तिच्या सावलीकडच्या नाही, आकाशाकडच्या बाजूला लावा. चार-पाच गुंड्यांवर करून मधला आकडा घ्या. ढगाळ उजेडात साधारण ६,००० ते ६,५०० केल्विन यायला हवेत. गवत पिवळं पडायला लागलं की जास्त झालं समजा.

तेरडा त्यानंतरही निळाच राहिला तर आधी प्रोफाइल (रॉचे रंग कसे दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग) बदलून बघा. अडोबी कलरऐवजी कॅमेरा स्टँडर्ड घेतलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत अर्धा फरक तिथंच निघतो. मग कलर मिक्सरमध्ये पर्पलचा ह्यू (रंगछटा) +१० ते +१५, गुलाबीकडं. सॅच्युरेशन वाढवू नका, उलट -५ करा. गडद गुलाबी फुलात लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो आणि पाकळी कागदासारखी सपाट होते.

सोनकीचंही तेच. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरतात, पाकळीवरच्या बारीक रेषा जातात. यलोचं ल्युमिनन्स -१५ केलं की त्या परत दिसतात.

ठोसेघर_धुकं
दाण्यांबद्दल. आयएसओ ४०० ची जमीन दोन स्टॉप (म्हणजे चौपट उजळ) उचलली की दाणे जवळपास आयएसओ १६०० एवढे. त्यामुळं आधी डीनॉइज (दाणे कमी करणं), मग मास्क. साध्या पद्धतीत ल्युमिनन्स २५, कलर २५ पुरे. त्यापुढं गवताचं मेण होतं.

फुकटचं सॉफ्टवेअर हवं असेल तर डार्कटेबल. क्रम: हायलाइट रिकन्स्ट्रक्शन, एक्स्पोजर जमिनीच्या मानानं, टोन इक्वलायझरनं आकाश दीड स्टॉप खाली, शेवटी सिग्मॉइड (सगळा उजेड पडद्यावर मावेल असा बसवणारं मॉड्यूल). टोन इक्वलायझरच्या मास्किंग टॅबमध्ये मास्क उघडून बघितल्याशिवाय स्लायडर ओढू नका. मास्कमध्ये डोंगराची कड स्वच्छ दिसली तरच फोटोत तो उजळ पट्टा (हॅलो) येत नाही.

पुढच्या वेळी एकाच दृश्याच्या तीन फ्रेम, एक्स्पोजरमध्ये दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं. पण पठारावर वारा असतो. फुलं तिन्ही फ्रेममध्ये वेगळ्या जागी, चाळकेवाडीला तर पवनचक्कीची पाती तिप्पट. सरळ एचडीआर मर्ज (फ्रेम आपोआप एकत्र करणं) करण्यापेक्षा दोनच फ्रेम घ्या, आकाश एकातून, जमीन दुसऱ्यातून, आणि गिंप या सॉफ्टवेअरमध्ये लेयर मास्कनं जोडा. फाइल १६ बिट टिफ ठेवा. पवनचक्की पूर्ण एकाच फ्रेममधली हवी.

पुढं फुलं मोठी यावीत म्हणून वाटेच्या बाहेर पाऊल टाकू नका, ही कळकळीची विनंती. लेन्स खाली न्या, पाय वाटेवरच ठेवा.

पठारवाट
आकाशात घडी निघाली, फक्त सूर्याच्या जागेचा ठिपका गेलाय. तेरडा जमला, प्रोफाइलनंच बराचसा. पण डोंगराच्या कडेला दोन-तीन पिक्सेलची पांढरी रेघ अजून आहे. मास्क बंद केला तरी दिसते.

सह्यकडा
मास्क बंद करूनही दिसते म्हणजे ती शार्पनिंगची. डिटेलमध्ये ऑल्ट धरून मास्किंग ६०-७० पर्यंत न्या, रेडियस ०.८ करा. रेघ जांभळी-हिरवी असेल तर लेन्स करेक्शनमध्ये रिमूव्ह क्रोमॅटिक अॅबरेशन टिक करा, उरलं तर तिथलाच डीफ्रिंज (रंगीत कड काढणारा स्लायडर). सूर्याचा ठिपका ओढून राखाडी करू नका, पांढराच राहू दे. त्याच्या कडेनं उजेड हळूहळू उतरतोय ना, तेवढं बघा.

डीहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) वापरायचा मोह होईल. +१० च्या वर नको, सावल्या निळ्या पडतात आणि सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपक्यांनी दिसते.

ठोसेघर_धुकं
एक्सपोर्ट एसआरजीबी या रंगपद्धतीतच. जेपेगची गुणवत्ता ८५-९०. आकाशात पट्टे दिसले तर ग्रेन (मुद्दाम टाकलेले बारीक दाणे) ८-१० टाका. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबलेल्या फाइलमध्ये ढगांचे चौकोन होतील.