मदत हवी आहे : रनर ३ मध्ये अडकलो आहे (कृपया 'रनर २ खेळा' असे सांगू नये)

सांजवारा
नमस्कार. रनर ३ या संगीताच्या ठेक्यावर धावण्या-उड्या मारण्याच्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या जगात, म्हणजे स्पूकीलँडमध्ये, मी एका लेव्हलवर अडकून पडलो आहे. चेकपॉइंटपर्यंत (आपटल्यावर जिथून पुन्हा सुरुवात करता येते त्या मधल्या टप्प्यापर्यंत) सगळे सुरळीत होते, पण त्यानंतर जिथे दुहेरी उड्या लागोपाठ घ्याव्या लागतात तिथे बटण वेळेवर दाबूनही आपटतो. रनर २ मी पूर्ण खेळलेला आहे आणि तो मला अतिशय प्रिय आहे, त्यामुळे तिकडे परत जाण्याचा सल्ला नको. मला हाच भाग तडीस न्यायचा आहे. जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

कोकणकडा
लेव्हल कोणती, आणि आपण कशावर खेळता आहात? संगणक, निन्टेंडोचा स्विच की प्लेस्टेशन? एवढे कळल्याशिवाय नेमके काही सांगणे कठीण आहे.

चौथी मिती
आपण नको म्हटले असले तरी मला लिहावेसे वाटते. रनर २ मध्ये काठिण्याच्या तीन पातळ्या होत्या, त्या प्रत्येक लेव्हलला बदलता येत होत्या, आणि मधला चेकपॉइंट कोणाला नको असेल तर त्यावरून उडी मारून अधिक गुण घेता येत होते. नवखा आणि मुरलेला असे दोघेही एकाच खेळात रमत. २०१८ साली आलेल्या तिसऱ्या भागात ही निवडच काढून टाकली. सर्वांना आवडलेल्या खेळाचा पुढचा भाग करताना आधीच्या खेळाडूंपैकी अर्ध्यांना दाराबाहेर ठेवणे हे मला पटलेले नाही. आपण अडकलात यात आपला दोष नाही, दोष रचनेचा आहे.

अक्षरवेल
चौथी मिती, आपला मुद्दा मी गंभीरपणे घेते, पण त्यात मालिकेचा अर्धाच इतिहास आला आहे. पहिला रनर, म्हणजे बिट ट्रिप रनर, २०१० मध्ये वीवेअरवर (निन्टेंडो वी या यंत्राच्या ऑनलाइन दुकानात) आला तेव्हा त्यात चेकपॉइंट नावाची गोष्टच नव्हती. शेवटच्या अडथळ्याला धक्का लागला तरी खेळाचा नायक कमांडर व्हिडिओ थेट लेव्हलच्या सुरुवातीला जाई. पहिल्या जगातली 'ओडिसी' ही अकरावी लेव्हल ज्यांनी खेळली आहे त्यांना तिची लांबी आठवत असेलच. या मालिकेचा मूळ स्वभाव कठोर आहे आणि २०१३ चा रनर २ हा तिचा मवाळ भाग आहे. तो सुंदर आहे, मलाही आवडतो. परंतु त्याच्याच मापाने तिसरा भाग मोजणे म्हणजे मधल्या भावंडावरून सगळ्या घराची पारख करण्यासारखे आहे.

तिसऱ्या भागातील दुहेरी उडी केवळ अडचण वाढवण्यासाठी घातलेली नाही. आधीच्या खेळांत उडी मारण्याचा क्षण ठरला की उतरण्याची जागाही बहुतांशी ठरलेली असे. आता हवेत असताना दुसरा निर्णय घ्यावा लागतो. बटण दुसऱ्यांदा लवकर दाबले तर उंची मिळत नाही, उशिरा दाबले तर लांबी मिळते पण पुढच्या अडथळ्याखालून घसरायला वेळ उरत नाही. त्यामुळे लेव्हल डोळ्यांनी पाहून भागत नाही, ती गाण्याच्या चालीसारखी अंगवळणी पाडावी लागते. मला या खेळाची सर्वांत मोठी गोडी तिथेच वाटते.

पाटीपेन्सिल
आपल्याला हा प्रकार आवडत असेल तर रेमन लेजंड्समधील संगीतावर बेतलेल्या लेव्हल अवश्य खेळाव्यात. त्यातही ठेक्यावर धावायचे आणि उड्या मारायच्या असतात. शिवाय बरोबर कोणी असेल तर एकत्र खेळता येते.

कोकणकडा
पाटीपेन्सिल, सूचना चांगली आहे, पण धागाकर्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सांजवारा, आपण अजून उत्तर दिलेले नाही. कशावर खेळता, आणि आवाज कशातून ऐकता?

सांजवारा
स्विचवर खेळतो, टीव्हीला जोडून. घरातले लवकर झोपतात म्हणून ब्लूटूथ हेडफोन लावतो. पण याचा उड्यांशी काय संबंध? चेकपॉइंटपर्यंत तर मी व्यवस्थित जातो.

कोकणकडा
संबंध आहे, आणि बहुधा आपल्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. स्विचवर ब्लूटूथ आवाजाची सोय सप्टेंबर २०२१ च्या अद्ययावत आवृत्तीपासून मिळाली. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत पोहोचायला थोडा वेळ जातो. इतर खेळांत तो जाणवतही नाही, पण इथे प्रत्येक उडी, लाथ आणि वाटेत गोळा करायची सोन्याची प्रत्येक वीट यांचा सूर संगीतात मिसळतो आणि आपला हात नकळत त्या सुरांच्या मागे जातो. अडथळे दूर-दूर असतात तोवर डोळे ही तफावत सांभाळून घेतात. उड्या लागोपाठ आल्या की डोळ्यांना सवड मिळत नाही, हात कानावर विसंबतो आणि कान मागे राहिलेला असतो. वेळेवर दाबूनही आपटतो असे आपण लिहिले आहे, ते म्हणूनच असावे.

स्विच डॉकमधून (टीव्हीला जोडणाऱ्या बैठकीतून) काढून हातात घ्या, साधा वायरचा हेडफोन लावा आणि तोच भाग खेळून पाहा. नंतर टीव्हीवर खेळायचे झाल्यास टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, कारण टीव्हीदेखील चित्र सुधारण्याच्या नादात उशीर करतो.

चौथी मिती
कोकणकडा यांचे म्हणणे योग्य आहे, परंतु कॅमेऱ्याचे काय? धावता धावता कॅमेरा कडेने किंवा तिरका फिरतो आणि पुढचा अडथळा किती अंतरावर आहे याचा अंदाज चुकतो. खेळाडूने चुकावे आणि त्याला चूक कळावी हे मान्य आहे, पण दिसलेच नाही म्हणून आपटावे हे मान्य नाही.

अक्षरवेल
कॅमेऱ्याबाबत मी आपल्याशी सहमत आहे. काही ठिकाणी देखाव्याचा मोह निर्मात्यांना आवरला नाही, आणि त्याची किंमत खेळाडूला मोजावी लागते. लेव्हलमध्ये एकाऐवजी दोन चेकपॉइंट असते तरी खेळाचा कणखरपणा कमी झाला नसता, हेही मी मान्य करते. माझा आक्षेप एवढाच आहे की, या दोन उणिवांवरून 'खेळ बिघडवला' असा निकाल देऊ नये. सोन्याच्या विटांची एक वाट आणि रत्नांची दुसरी, अधिक बिकट वाट अशी रचना करून त्याच लेव्हलमध्ये दोन वेगळे खेळ बसवले आहेत. ज्याला फक्त शेवट गाठायचा आहे त्याने रत्नांकडे वळण्याची गरज नाही. काठिण्याची निवड पूर्णपणे काढलेली नाही, ती मेनूतून उचलून रस्त्यावर आणली आहे.

चौथी मिती
रस्त्यावरची सोपी वाटही ज्याला जड जाते त्याच्यासाठी काहीच ठेवलेले नाही, हा माझा मुद्दा तरीही शिल्लक राहतो.

अक्षरवेल
तो राहतो. पण प्रत्येक खेळ प्रत्येकासाठी असावा असा आग्रह मी धरणार नाही, आणि आपण दोघांनी आता सांजवारा यांना बोलू द्यावे.

सांजवारा
वायरचा हेडफोन लावून हातात घेऊन खेळलो. उड्यांचा तो भाग पार झाला. फरक इतका स्पष्ट होता की चेकपॉइंटच्या आधीचा भागसुद्धा हलका वाटला. कोकणकडा, मनापासून आभार. अक्षरवेल, आपण लिहिलेले दुसऱ्यांदा बटण दाबण्याचे गणितही उपयोगी पडले. आता त्याच लेव्हलमध्ये रत्नांची वाट घ्यायची आहे. फाटा डोळ्यांसमोर येतो तेव्हा वळायला उशीर झालेला असतो. तो आधी कसा ओळखावा?

अक्षरवेल
एक फेरी काहीही गोळा न करता, केवळ फाटा कुठे फुटतो हे पाहण्यासाठी खर्च करा. त्या आधीचा शेवटचा अडथळा आणि त्याचा सूर लक्षात ठेवा, आणि पुढच्या फेरीत तो सूर कानी पडताच उडी घ्या.

कोकणकडा
आणि लेव्हलचे नाव अजूनही सांगितलेले नाही. ते कळवा, म्हणजे फाटा कुठे आहे ते मी पाहून लिहितो.