पावसाळ्यात वॉश फुटतो आणि हातातली सरळ रेघ सुटत नाही : जलरंगांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी मुलुंडला राहते. 27 वर्षे इंटिरियर डिझाइनचे काम केल्यावर गेल्या मार्चमध्ये शेवटची साइट क्लायंटच्या ताब्यात दिली आणि शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेनंतर सुटलेले जलरंग पुन्हा हाती घेतले. दोन ठिकाणी अडले आहे, जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिली अडचण कागदाची आहे. 300 जीएसएमच्या जाड कॉटन कागदाचे दहा ताव मी फार पूर्वी हौसेने घेऊन माळ्यावर ठेवले होते. जुलैमध्ये त्यातल्या एकावर आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) टाकला, तर ब्रश फिरत असतानाच निळ्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढे गडद ठिपके उमटले आणि टीपकागदाने शाई प्यावी तसा रंग आत गेला. ओल्या स्पंजने टिपूनही तो उचलला गेला नाही. कागदावरचे जिलेटिनचे सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला थर) दमट हवेत खराब होते, त्याचाच हा परिणाम असावा. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट करू नका, ओल येते, असे मी आयुष्यभर लोकांना बजावत आले आणि माझे स्वतःचे कागद मात्र नेमके तशाच भिंतीलगतच्या माळ्यावर होते! उरलेल्या नऊ तावांना घरी पुन्हा जिलेटिनचा हात देऊन कोणी वाचवले आहे का? नवे कागद मुंबईच्या पावसात सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवणे पुरेसे होते का?

दुसरी अडचण हाताची आहे आणि ती अधिक छळते. आमच्या उमेदवारीच्या काळात खोल्यांचे पर्स्पेक्टिव्ह (यथार्थदर्शी चित्र) टी-स्क्वेअरने, म्हणजे टी आकाराच्या पट्टीने, आखून पोस्टर कलरने रंगवायचे आणि काचेवरची चमक शेवटी पांढऱ्या रंगाने काढायची अशी रीत होती. पारदर्शक जलरंगात पांढरे म्हणजे कोरा ठेवलेला कागद, हे डोक्याला पटते. हाताला पटत नाही. मागच्या रविवारी वाळकेश्वरला बाणगंगा तलावाकाठी बसले, तेव्हा पायऱ्यांची उंची डोळ्याने मोजत, दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेषा दूर जाऊन मिळताना दिसतात ते बिंदू) धरून पेन्सिलीचे रेखाटन करण्यातच चाळीस मिनिटे गेली आणि मग प्रत्येक चौकोनात ठरवलेली शेड भरली. पायऱ्या अचूक आल्या, पण तलावातले पाणी सनमायका बसवल्यासारखे दिसू लागले. नंतर पेन्सिल न घेता एक इंची चपट्या ब्रशने थेट रंगवून पाहिले, तर देवळे कलली आणि मी अस्वस्थ होऊन पुन्हा पट्टी शोधू लागले.

‘शिकलेले सगळे विसरा’ हा सल्ला मला मिळाला आहे, पण तो पटत नाही. चित्रकार सा. ल. हळदणकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिस्तशीर ड्रॉइंग शिकलेले होते, आणि हाताने दिवा झाकून धरलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र, ज्यात बोटांमधून उजेड झिरपतो, ते जलरंगातच आहे. तेव्हा दोष रेखाटनाचा नसावा. माझ्या मते मी कडा कुठे सोडायच्या, म्हणजे पुसट ठेवायच्या, हे आधी ठरवत नाही, म्हणून सगळ्याच कडा धारदार राहतात. ज्यांचा हात आर्किटेक्चर किंवा ड्राफ्टिंगमध्ये घडला आहे, त्यांनी ओल्यावर ओले (ओल्या कागदावर ओला रंग) रंगवण्याचा सराव कोणत्या विषयापासून सुरू केला आणि रेखाटन किती रेघांवर थांबवले, हे सांगावे. रोज सकाळी पाऊण तास मिळतो, तेवढ्यात बसेल असा सराव हवा आहे.