कमी टंकसंख्येची (म्हणजे कमी संख्येने पाडलेली) परदेशी नाणी, बेताच्या बजेटमध्ये – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. म्हापशाच्या आजीच्या डब्यात मला पोर्तुगीज काळातलं 6 एस्कुदोंचं एक नाणं सापडलं, 1959 सालचं. कडा झिजलेली, पण ढालीवरचं चाक अजून बोटाला लागतं. 1958 मध्ये गोव्यात रुपियाच्या जागी एस्कुदो आला, आणि 6 एस्कुदो म्हणजे जुना एक रुपिया. म्हणून हा विचित्र आकडा! तेव्हापासून छोट्या प्रदेशांची, कमी संख्येने पाडलेली नाणी जमवायचं वेडच लागलंय.

अडचण किमतीची आहे. मोनॅकोचं 2007 चं ग्रेस केली (मोनॅकोच्या राजकुमाराशी लग्न केलेली अमेरिकन अभिनेत्री) यांच्यावरचं 2 युरो फक्त 20,001 पाडलं, ते माझ्या आवाक्याबाहेर. उलट अमेरिकेचा 1909 चा 'एस व्हीडीबी' सेंट ('एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळ, 'व्हीडीबी' म्हणजे नाण्याच्या रचनाकाराची आद्याक्षरं) 4,84,000 पाडलेला, तरी महाग, कारण मागणारे लाखो. म्हणजे नुसत्या टंकसंख्येवर भाव ठरत नाही. मग कमी संख्या आणि कमी मागणी, दोन्ही असलेले देश किंवा प्रदेश कोणते? सेंट हेलेना, फॉकलंड, टोकेलाऊ या छोट्या बेटांची नाणी कुणी जमवतं का?

दुसरं, नंतर वितळवलेली नाणी किती, हे कसं ताडता? कॅटलॉगमधला आकडा पाडलेल्यांचा असतो, उरलेल्यांचा नाही ना.

मी संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेले प्रूफ संच टाळतो. हातोहात फिरलेलं नाणंच मला हवं असतं. एका नाण्याला पाचशे-सातशे रुपये, त्यापुढे नाही. मुंबई-पुण्याच्या नाणे प्रदर्शनांत परदेशी नाण्यांच्या किलोवारी ढिगात शोधणं फायद्याचं ठरतं का? आणि परदेशातून मागवताना टपाल व कस्टम धरून कितीला पडतं, हे अनुभवातून सांगाल तर फार बरं होईल.